मोल्सवर्थ हे आडनाव आलं कुठून?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला प्रश्न आज विचारते आहे.

आजोबांच्या कपाटात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची प्रत आहे, १९७५ साली पुण्याहून पुनर्मुद्रित झालेली. आजोबा शाळामास्तर होते. एखाद्या शब्दावर अडलं की ते म्हणायचे, "मोल्सवर्थ आण." आम्हा नातवंडांना तेव्हा हे माणसाचं नाव आहे हेच माहीत नव्हतं. 'मोल्सवर्थ' म्हणजे एक जाडजूड पुस्तक, एवढंच. नंतर त्यांनीच सांगितलं की मूळ कोश करणाऱ्या साहेबाचं हे आडनाव. आणि पुढे नेहमी जोडायचे, "मोल म्हणजे किंमत, वर्थ म्हणजेही किंमत. मराठीचं मोल ज्याला कळलं, तो मोल्सवर्थ."

परवा माझ्या मुलीनं विचारलं, "आई, हे खरं आहे का?" मी उत्तर देऊ शकले नाही. इंग्रजीतला 'वर्थ' म्हणजे किंमत हे तर बरोबरच. मग 'मोल्स' म्हणजे काय? आडनावाचा खरा अर्थ काय, ते कुठलं, त्या घराण्यात आणखी कोण होऊन गेलं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

दवबिंदू

छान विषय. माझा अंदाज असा की 'मोल' म्हणजे तो जमीन पोखरणारा, चिचुंदरीसारखा दिसणारा प्राणी. इंग्रजांची आडनावं प्राण्यांवरून असतात ना, फॉक्स, वुल्फ वगैरे.

अक्षरओळ

पाटीपेन्सिल ताई, आजोबांची आठवण फार गोड आहे. पण व्युत्पत्ती तशी नाही, आणि दवबिंदू, त्या प्राण्याचाही इथे संबंध नाही. जरा मुळापासून लिहितो.

मोल्सवर्थ हे गावाचं नाव आहे. इंग्लंडच्या पूर्व भागात जुना हंटिंग्डनशर परगणा होता, तो आता केंब्रिजशरमध्ये मोडतो. त्याच्या पश्चिम कडेला हे लहानसं खेडं आहे. इंग्लंड जिंकणाऱ्या विजयी विल्यम राजाच्या हुकुमावरून १०८६ साली इंग्लंडभरच्या जमिनींची नोंद झाली, तिला डूम्सडे बुक म्हणतात. त्यात हे गाव 'मोल्सवर्ड' अशा रूपात सापडतं. म्हणजे नाव त्याच्याही आधीचं, अँग्लो-सॅक्सन काळातलं (विल्यम येण्याआधी इंग्लंडात राज्य करणाऱ्या लोकांच्या).

नावाचे तुकडे तीन: मूल + एस + वर्थ.

'मूल' हे माणसाचं नाव. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खेचर. लॅटिनमधून आलेला शब्द. माणसाला असं नाव का ठेवावं, असं आपल्याला वाटेल. पण याच नावाचा एक राजाही होऊन गेला. वेसेक्स या दक्षिण इंग्लंडातल्या तेव्हाच्या राज्याचा राजा कॅडवाला, त्याचा भाऊ मूल. त्याला ६८६ साली केंटच्या गादीवर बसवलं आणि ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला बारा माणसांसकट जिवंत जाळलं. पुढे ६९४ साली त्या खुनाची भरपाई म्हणून केंटच्या लोकांना वेसेक्सच्या राजाला मोठा दंड भरावा लागला. हे सगळं अँग्लो-सॅक्सन बखरीत नोंदलेलं आहे. आता कॅडवाला हे नाव सॅक्सन नाही, ते वेल्श-ब्रिटन लोकांतलं. त्यावरून अभ्यासक म्हणतात की या घराण्यात दोन वंशांचं रक्त असावं आणि 'मूल' हे नाव मिश्र वंशामुळे पडलं असावं. आपल्या गावाचा मूल मात्र हा राजा नव्हे. त्याच नावाचा कुणी साधा शेतकरी किंवा जमीनदार.

मधला 'एस' म्हणजे षष्ठीचा प्रत्यय. मूल-एस म्हणजे 'मूलचा'. आजच्या इंग्रजीत मालकी दाखवायला शब्दाच्या शेवटी 'स' लावतात, तो याच प्रत्ययाचा वंशज.

आणि 'वर्थ'. गोंधळ इथेच होतो. किंमत या अर्थाचा 'वर्थ' वेगळा आणि गावांच्या नावातला 'वर्थ' वेगळा. जुन्या इंग्रजीत हे दोन निराळे शब्द होते, पुढे उच्चार आणि लेखन सारखं झालं. गावांच्या नावातल्या 'वर्थ'चा अर्थ कुंपण घातलेली जागा, म्हणजे घर, गोठा, परसू आणि भोवती कूड. सुरुवातीला एकाच कुटुंबाची वस्ती, मग तिचं गाव होतं.

थोडक्यात, मोल्सवर्थ म्हणजे मूलचा वाडा. किंवा आपल्या भाषेत सरळ 'मूलवाडी'.

सुपारीबाग

वा! अक्षरओळ, तुमचं 'मूलवाडी' वाचून एकदम उजेड पडला. मी सावंतवाडीकडचा. सावंतांची वाडी ती सावंतवाडी, तशी मूलची वाडी ती मोल्सवर्थ. आणि आपला 'वाडा', 'वाडी' हे शब्दसुद्धा संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणाची जागा यावरूनच आलेत. इकडे कोकणात अजूनही वाडी म्हटलं की गडगा घातलेली माडा-पोफळीची जागा डोळ्यांसमोर येते. माणसं तीही कुंपण घालून राहिली, आपणही. आणि दोघांनीही कुंपणालाच घराचं नाव दिलं.

फक्त एक शंका. ते गावाचं नाव झालं. माणसाचं आडनाव कसं झालं? त्यांच्याकडे आपल्यासारखा 'कर' तर नाही.

अक्षरओळ

सुपारीबाग, अगदी कळीचा प्रश्न.

'कर' नाही, पण सुरुवातीला त्यांच्याकडेही एक खूण होती. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्याबरोबर फ्रेंच भाषा आली. कागदपत्रांत माणसाच्या नावापुढे 'डी' लावून गाव लिहू लागले. 'वॉल्टर डी मोल्सवर्थ' म्हणजे मोल्सवर्थचा वॉल्टर. तेच आपलं 'मोल्सवर्थकर'. पुढे दोन-तीनशे वर्षांत हा 'डी' बहुतेक ठिकाणी गळून पडला आणि नुसतं गावाचं नाव उरलं. आपल्याकडचा 'कर' टिकला म्हणून आपल्याला आडनाव ऐकताच गाव दिसतं. त्यांचा 'डी' गेला, म्हणून ते गाव झाकलं गेलं.

आडनावं एका दिवसात आली नाहीत. आधी जमीनदारांत वडिलोपार्जित झाली, कारण जमिनीचा वारसा सिद्ध करायला ती उपयोगी पडत. सामान्य माणसाला तेव्हा नुसतं ओळखीपुरतं विशेषण असायचं आणि ते बापाचं एक, मुलाचं दुसरं असू शकायचं. बाप 'गिरणीवाला जॉन', मुलगा 'तांबड्या केसांचा जॉन'. चौदाव्या शतकात डोईपट्टीच्या, म्हणजे माणशी कराच्या, याद्या झाल्या, १३७७, १३७९ आणि १३८१ साली. त्यांत हे सगळं घडताना दिसतं: काहींची आडनावं पक्की झालेली आणि काहींची अजून बदलती. पुढे १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं प्रत्येक चर्चला बारसं, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला लावली. तिथून पुढे आडनाव घट्ट बसलं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला लगेच पटेल. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कुणी हाक मारत नाही. मोल्सवर्थमध्ये सगळेच मोल्सवर्थचे, तिथे त्या नावाने ओळख कशी पटणार? हे नाव चिकटतं ते गाव सोडल्यावर. चिपळूणकर हे आडनाव चिपळूणबाहेर गेल्यावर पडतं, तसंच.

दवबिंदू

माझा अंदाज चुकला पण शिकायला मिळालं. मग वर्ड्सवर्थ म्हणजेही 'शब्दांची किंमत' नाही?

अक्षरओळ

नाही. ते यॉर्कशरमधल्या वॉड्सवर्थ गावावरून, म्हणजे 'वॅडी' नावाच्या माणसाचं कुंपण. बटरवर्थ म्हणजे लोण्याची वाडी, लँकेशरमध्ये रॉचडेलजवळची, जिथली कुरणं चांगली होती. केनिलवर्थ मला विशेष आवडतं. ते किनेहिल्ड या बाईच्या नावाने आहे. हजार वर्षांपूर्वी जमीन बाईच्या नावाने ओळखली जात होती याचा तो पुरावा. लंडनला जाणाऱ्यांसाठी: हीथ्रो विमानतळाला लागून हार्मंड्सवर्थ गाव आहे, जवळच आयझलवर्थ. आपली माणसं विमानातून उतरतात ती थेट एका 'वर्थ'च्या शेजारी.

डेव्हन परगण्यात हाच शब्द 'वर्दी' होतो, वेल्सच्या सीमेकडे 'वर्डीन'. आपल्याकडे जसं वाडा, वाडी, पाडा.

वाटसरू पीटरबरो

मंडळी, हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून खास लॉगिन केलं. मी पीटरबरोला राहतो, मोल्सवर्थ गाव इथून गाडीने जवळ आहे. दोनदा गेलोय.

गाव म्हणजे खरोखर मोजकी घरं. हमरस्ता जवळूनच जातो, ट्रकांचा आवाज येत राहतो, पण आत शिरलं की शांत. सेंट पीटरचं जुनं दगडी चर्च आहे. आतल्या भिंतींवर मध्ययुगीन चित्रं टिकून आहेत, सेंट ख्रिस्तोफर आणि सेंट अँथनीची. सेंट ख्रिस्तोफर म्हणजे प्रवाशांचा रक्षणकर्ता, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा. ज्या गावातून नाव घेऊन माणसं जगभर गेली, तिथल्या भिंतीवर प्रवाशांचा रक्षक उभा आहे हे बघून मला भरून आलं होतं. मीही गाव सोडून आलेलाच. माझ्या आडनावातलं गाव सातारा जिल्ह्यात आहे आणि मी ते आयुष्यात एकदाच पाहिलंय.

या गावाचं नाव इंग्लंडमध्ये आज लोकांना माहीत आहे ते मात्र लष्करी तळामुळे. दुसऱ्या महायुद्धात इथल्या धावपट्टीवरून अमेरिकेचा ३०३वा बाँबर गट जर्मनीवर जात असे. १९८० साली इथे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं. शांततावादी लोकांनी तळाबाहेर तंबू ठोकले. ६ फेब्रुवारी १९८५ च्या रात्री सुमारे दीड हजार सैनिक आणि पोलीस आणून त्यांना हलवलं. माझ्या शेजारच्या आजी त्या आंदोलनात होत्या. त्यांना मी सांगितलं की आमच्या भाषेत मोल्सवर्थ म्हणजे शब्दकोश, तर त्या दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. त्यांच्या मनात त्या नावाला तारांचं कुंपण चिकटलेलं होतं.

उच्चाराबद्दल: इकडे 'मोल्झवर्थ' म्हणतात, 'स' नव्हे तर 'झ'. आपल्याकडे मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेसवर्थ सगळं छापलेलं पाहिलंय.

पाटीपेन्सिल

वाटसरू, किती सुंदर लिहिलंत. आता घराण्याबद्दल कुणी सांगेल का? आपला कोशकार या घराण्यातलाच ना?

सुपारीबाग

मी कुठेतरी वाचलं की मोल्सवर्थ हे मोठं सरदार घराणं आहे, आयर्लंडमध्ये. म्हणजे कोशकार सरदारपुत्र असणार.

अक्षरओळ

सुपारीबाग, 'असणार' या शब्दाजवळ जरा थांबूया. सरदार घराणं आहे हे खरं. पण आडनाव एक म्हणून घराणं एक असं होत नाही, गावावरून आलेल्या आडनावात तर नाहीच. मोल्सवर्थ सोडून दोन वेगवेगळी कुटुंबं दोन वेगळ्या शतकांत बाहेर पडली, तर दोघांनाही तेच नाव पडणार. जगातले सगळे जोगळेकर किंवा सगळे पाटणकर एकाच घरातले नसतात. त्यात आणखी गुंता असा की चेशर परगण्यात मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळं गाव आहे, त्याचा अर्थ टेकडीजवळची वाडी. जुन्या काळी कारकून कानाला येईल तसं लिहायचे, एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी. त्यामुळे घराणं लावायचं तर गाव आणि परगणा पाहावा लागतो, नुसतं आडनाव नाही.

कोशकार जेम्स थॉमस मोल्सवर्थ १७९५ साली जन्मला आणि कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत लहान वयात दाखल झाला. अशा उमेदवारांची कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. भरती होताना बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे. ज्याला त्याचं घर शोधायचं आहे त्याने त्या दाखल्यापासून सुरुवात करावी: तिथून चर्चची वही, तिथून बाप, बापाचं लग्न, आजा. सरदारांच्या वंशावळीतून खाली उतरत यायचं नाही, माणसापासून वर चढत जायचं. आपल्याकडे वंशावळ लावणारे बरेच जण छत्रपतींपासून किंवा पेशव्यांपासून खाली यायला बघतात आणि वाटेत एक कडी मनाने जोडतात. तसं होऊ नये.

सरदार घराण्यांबद्दल खात्रीचं ते लिहितो.

तेराव्या शतकाच्या शेवटी, पहिल्या एडवर्डच्या काळात, वॉल्टर डी मोल्सवर्थ नावाचा माणूस बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशर या परगण्यांचा शेरीफ, म्हणजे राजाचा अधिकारी, होता. त्यानंतर हे नाव नॉर्थॅम्प्टनशरमध्ये दिसतं, हेल्पस्टन गावाशी जोडलेलं. मोल्सवर्थपासून हेल्पस्टन वीसेक मैल. म्हणजे आडनावाचा पहिला प्रवास फार लांबचा नव्हता.

लांबचा प्रवास पहिल्या एलिझाबेथच्या काळात झाला. जॉन मोल्सवर्थ हा कॉर्नवॉलच्या डचीचा (राजघराण्याच्या जहागिरीचा) हिशेबनीस झाला आणि इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, बॉडमिनजवळ पेनकॅरो इथे घराण्याने घर केलं. त्याची बायको हेंडर घराण्यातली. त्या घराला मुलगा नव्हता, म्हणून पुढच्या पिढ्यांनी 'हेंडर' हे आडनाव मुलाचं पहिलं नाव म्हणून ठेवायला सुरुवात केली. १६८९ साली या शाखेला बॅरोनेटची वंशपरंपरागत पदवी मिळाली ती सर हेंडर मोल्सवर्थ यांना. ते आधी जमैकाचे कारभारी होते. आजीचं आडनाव नातवाच्या नावात जिवंत ठेवायची ही पद्धत मला हृद्य वाटते. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं माहेरचं आडनाव दोन पिढ्यांत कुणाच्या लक्षातही राहत नाही. पुढे त्याच घराण्यात सेंट ऑबिन घराण्याचा वारसा आला आणि आडनाव जोडून 'मोल्सवर्थ-सेंट ऑबिन' झालं. तिकडे जमीन वारशाने घ्यायची तर आडनावही घ्यावं लागे. आपल्याकडे दत्तक गेलेल्याचं आडनाव बदलतं, तसाच काहीसा प्रकार.

दुसरी शाखा डब्लिनची. रॉबर्ट मोल्सवर्थ, १६५६ ते १७२५. वडील व्यापारी, ते मुलाच्या जन्माआधीच वारले. हा डेन्मार्कला इंग्लंडचा वकील होता. परत आल्यावर तिथल्या अनियंत्रित राजसत्तेवर त्याने पुस्तक लिहिलं, ते युरोपभर गाजलं. १७१६ मध्ये त्याला व्हायकाउंट ही सरदारकी दिली. डब्लिनच्या मध्यवस्तीत आज मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, आयरिश संसदेच्या दारासमोर येऊन मिळणारा. तो याच घराण्याच्या नावाने.

वाटसरू पीटरबरो

रॉबर्टच्या मुलाची गोष्ट राहिली! रिचर्ड मोल्सवर्थ, पुढे तिसरा व्हायकाउंट. मे १७०६ मध्ये रामिये इथे फ्रेंचांशी लढाई झाली. इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो घोड्यावरून खाली पडला, फ्रेंच घोडेस्वार अंगावर आलेले. रिचर्ड त्याचा अंगरक्षक सहायक होता. त्याने स्वतःचा घोडा ड्यूकला दिला आणि स्वतः पायी राहिला. नंतर दुसऱ्या घोड्यावर चढताना ड्यूकची रिकीब ज्या अधिकाऱ्याने धरली होती, त्याचं डोकं तोफेच्या गोळ्याने उडालं. रिचर्ड वाचला.

आणि गंमत पाहा, न्यूझीलंडमधलं सगळ्यात मोठं शेत, १,८०,००० हेक्टरांचं गुरांचं रान, त्याचं नाव मोल्सवर्थ स्टेशन, आणि ते ज्या प्रांतात आहे त्याचं नाव मार्लबरो. ज्याला घोडा दिला आणि ज्याने दिला, दोघांची नावं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला शेजारी आहेत.

दवबिंदू

न्यूझीलंडला हे नाव कसं पोचलं? माझी बहीण वेलिंग्टनला असते, तिच्या बोलण्यात मोल्सवर्थ स्ट्रीट नेहमी येतो, तिथेच त्यांची संसद आहे.

अक्षरओळ

ते पेनकॅरोच्या शाखेतून. सर विल्यम मोल्सवर्थ, १८१० ते १८५५, सुधारणावादी खासदार. वसाहतींना स्वतःचा कारभार मिळावा म्हणून संसदेत झगडणारा. त्याचा भाऊ फ्रान्सिस वेलिंग्टनच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतकारांपैकी. रस्त्याला नाव सर विल्यमचं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातही मोल्सवर्थ नावाचं गाव आहे.

या माणसाचं मोठं काम म्हणजे १८३७-३८ ची संसदीय समिती, जिचा तो अध्यक्ष होता. इंग्लंडमधून कैद्यांना जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला पाठवायचे आणि तिथे खासगी मालकांकडे राबवायचे. ही गुलामगिरीच आहे अशा अर्थाची टीका समितीने केली आणि १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं थांबलं. हॉब्ज या तत्त्ववेत्त्याचं समग्र साहित्यही त्यानेच संपादित करून छापलं. १८५५ मध्ये तो वसाहत खात्याचा मंत्री झाला, पण काही महिन्यांतच वारला.

पेनकॅरोच्या बागेत त्याने चिलीमधला अरौकारिया वृक्ष लावला होता. लावताना एक पाहुणा त्याच्या काटेरी पानांना हात लावून म्हणाला की यावर चढणं माकडालाही कोडं पडेल. त्यावरून त्या झाडाला इंग्रजीत माकडकोडं अशा अर्थाचं नाव पडलं, असं तिथे सांगतात.

रूळवाट

माझा वाटा घालतो. मी रेल्वेतून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता. आमच्या पिढीच्या आधीच्या अभियंत्यांना 'मोल्सवर्थ' म्हटलं की मराठी कोश आठवायचा नाही, खिशातलं सूत्रांचं पुस्तक आठवायचं. सर गिलफर्ड मोल्सवर्थ, १८२८ ते १९२५. रॉचडेलच्या धर्मगुरूचा मुलगा, डब्लिनच्या त्या व्हायकाउंट घराण्याच्या वंशातला. आधी सिलोनची रेल्वे बांधली, मग १८७१ पासून १८८९ पर्यंत हिंदुस्थान सरकारचा रेल्वेसाठीचा सल्लागार अभियंता. त्याचं सूत्रपुस्तक पहिल्यांदा १८६२ साली निघालं आणि पिढ्यान् पिढ्या चाललं. तुळईवर किती भार, नळातून किती पाणी, भरावाला किती उतार, सगळं छोट्या वहीत.

माझ्या पहिल्या साहेबांच्या खणात ती वही होती. पानं पिवळी, कोपऱ्यांना तेलाचे डाग. ते म्हणायचे, "मोल्सवर्थ काढ, बघ काय म्हणतो." पाटीपेन्सिल ताईंच्या आजोबांचं वाक्य वाचलं आणि थबकलो. एका घरात शब्द शोधायला, एका कचेरीत पुलाचा भार काढायला, हाक तीच.

अक्षरओळ म्हणतात त्यात भर: रॉचडेल म्हणजे तेच, ज्याच्या हद्दीत बटरवर्थ आहे. मूलच्या वाडीचा माणूस लोण्याच्या वाडीचा धर्मगुरू झाला.

सुपारीबाग

रूळवाट काका, तुमच्या प्रतिसादाने अंगावर काटा आला.

पण मला एक गोष्ट मनापासून खुपते, ती लिहितो. कोश १८३१ मध्ये आला, १८५७ मध्ये सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती. त्यात जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू होते हे तरी लोकांना आठवतं. पण शास्त्रीमंडळी? जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले. १८२९ साली मराठी-मराठी कोश केला तो याच पंडितांनी, आणि मोल्सवर्थचं काम त्यांच्या खांद्यावर उभं आहे. आपण म्हणतो 'मोल्सवर्थ आण'. 'क्रमवंत आण' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. एक आडनाव पुस्तकाचं नाव झालं आणि बाकीची प्रस्तावनेत राहिली. मोल्सवर्थबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परक्या मुलखात येऊन आयुष्याची इतकी वर्षं आपल्या शब्दांना दिली त्याने. पण आडनावाचा इतिहास लिहायचा तर ते आडनाव कुणाच्या आडनावांवर पसरलं तेही लिहायला हवं.

अक्षरओळ

शंभर टक्के सहमत. माझ्या उत्तरात हे सुटलं होतं. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश हेही तसंच उदाहरण: सुरुवात मोल्सवर्थची, पूर्ण केला थॉमस कँडीने, त्याला लोक 'कँडीचा कोश' म्हणतात. कोशाला एकच आडनाव मावतं. काम करणारे हात नेहमी जास्त असतात.

दवबिंदू

म्हणजे 'मोल' हा शब्द कोशकाराच्या आडनावात नाहीच, हे नक्की?

अक्षरओळ

नक्की. आपला 'मोल' संस्कृत 'मूल्य'पासून. मोलकरी, मोलकरीण, मोलमजुरी सगळे त्याच घरातले. त्यांचा 'मोल्स' खेचर या अर्थाच्या 'मूल' नावापासून. ध्वनी जुळला, एवढंच. पण पाटीपेन्सिल ताई, आजोबांचं वाक्य फेकून देऊ नका. व्युत्पत्ती म्हणून ते टिकत नाही, मराठीवरचं प्रेम म्हणून टिकतं. लोक अनोळखी शब्दाला आपल्या भाषेचा अर्थ चिकटवतात तेव्हा त्याला घरात घेत असतात. माझ्या मते तुमच्या आजोबांनी एका परक्या आडनावाला मराठी पाट मांडून दिला.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला शेजारी बसवून सगळा धागा वाचून दाखवला. 'मूलवाडी' तिला फार आवडलं. तिने कोशाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलंय: 'मोल्सवर्थ, मूळ गाव मोल्सवर्थ, हंटिंग्डनशर'. त्याखाली, सुपारीबाग यांनी सांगितल्याप्रमाणे, क्रमवंत, घगवे, फडके, गोडबोले. त्याच पानावर वर आजोबांची सही आहे, १९७६ ची. ती तशीच.

वाटसरू, एक विनंती. पुन्हा कधी तिकडे जाणं झालं तर गावाच्या वेशीवरच्या पाटीचा एक फोटो काढाल का? आम्हाला तो छापून कोशात ठेवायचा आहे.

वाटसरू पीटरबरो

ताई, येत्या रविवारी जातो. शेजारच्या आजीही येणार म्हणतात, त्यांना चर्चमधली चित्रं पाहायची आहेत. सकाळच्या उजेडात पाटी चांगली येते. फोटो इथेच टाकतो.